बर्फाच्या कारखान्याचा भाव

"एकच यंत्र होतं तेव्हा बँकेचं कर्ज फेडून पन्नास हजार हातात देत होतात," तात्या म्हणाले. "आता दोन आहेत आणि सगळं कर्ज फेडून वीसच हजार म्हणता? सावकार शेठकडून घेतलं ते सगळं यंत्रातच घातलंय."

मुंबईहून कारखाना बघायला आलेला व्यापारी रुमालाने मान पुसत होता.

"यंत्रं चांगलीच आहेत. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की बर्फ कोण घेणार? व्याज थोडंच थांबतं? तेवढे तीन महिने तुम्ही तग धराल याची खात्री नाही. म्हणून मी भाव पाडला."

तो गेला. तात्या राऊत शेडमध्ये उभेच राहिले. पालघरला हा कारखाना त्यांनी बँकेच्या कर्जावर उभा केला होता. ते व्याज हलकं होतं. फेडून चार पैसे उरत, बाजारात मान होता. मग तारापूरला वीजघराचं काम निघालं. कामगारांच्या वसाहती होणार, बर्फ पुरणार नाही, असं जो तो सांगू लागला. बँकेने दुसरं कर्ज नाकारलं, तेव्हा तात्यांनी शेठकडून जवळजवळ दुप्पट व्याजाने पैसे उचलले आणि दुसरं यंत्र आणलं. वसाहतीत बर्फ फारसा खपला नाही. कर्जाचा बोभाटा झाला तसा यंत्रांना गॅस पुरवणारा अमोनियावाला रोख मागू लागला आणि होडीवाल्यांनी पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम द्यायचं टाळलं. शनिवारपर्यंत हप्ता नाही आला तर कुलूप लावू, असं शेठचा माणूस सांगून गेला होता.

घरी बायकोने, मंदाने, सोन्याच्या बांगड्या काढून पुढे ठेवल्या. तात्यांनी त्या परत तिच्या हातात चढवल्या. एका पावसाळ्याच्या व्याजात त्या संपल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ते सातपाटीला जमुनाकडे गेले. नवऱ्यामागे तिने होडी विकली होती आणि मासळीच्या धंद्यात जम बसवला होता. कारखान्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तीच. तात्यांनी कर्ज मागितलं, शेठपेक्षा कमी व्याजाने.

जमुनाने सगळं ऐकून घेतलं.

"व्याजानं नाय देनार मी," ती म्हणाली. "शेठचं सगलं देनं मी भागवते, अर्धा कारखाना माझ्या नावावर करा. पावसात काय नाय मिललं, तर मला बी नाय. मिलेल तवा अर्धं माझं."

हे शेठच्या व्याजाहून महाग होतं. व्याज कधीतरी फिटतं. अर्धा हिस्सा गेला तो गेला.

"माझ्या हातानं उभा केलाय मी तो, जमुनाबाई."

"म्हनून तर पैसा घालते."

शनिवारी शेठचा माणूस कुलूप घेऊनच आला. जमुनाचे पैसे मोजून घेऊन गेला.

पावसाळ्यात यंत्रं गप्प होती, पण वसुलीला कोणी दारात आलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. अमोनियावाल्याने आपण होऊन उधारीवर माल पाठवला. दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप आला: तुमच्या एकट्याच्या अर्ध्या हिश्शाचे पस्तीस हजार देतो. यंत्रं तीच होती, शेडही तीच. तात्यांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

हिशेबाच्या दिवशी जमुना आली. टेबलामागे मालकाची एकच खुर्ची होती. तात्यांनी ती पुढे ओढून दिली. ती बसली नाही, टोपली उपडी करून तिच्यावर टेकली. मग तात्यांनाही बसवेना. पाठीला रग लागली तरी ते भिंतीला टेकून उभ्यानेच आकडे सांगत राहिले, आणि दोघांच्या मध्ये खुर्ची रिकामीच राहिली.