गुडघ्यांपुढची ढाल

मित्रांनो, मोटारसायकल दिसली की तुमचे डोळे आधी कुठे जातात, ते मला ठाऊक आहे. टाकीवर, नाहीतर सायलेन्सरवर. खाली, चालवणाऱ्याच्या पायांपुढे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी तिथे असते. मी एक जुनी लोअर फेअरिंग आहे, म्हणजे इंजिनाच्या डाव्या अंगाला लेगगार्डवर बसवलेली फायबरची ढाल. उजव्या अंगाला माझी जुळी बहीण आहे. तिच्यावर एक चरा जास्त आहे आणि त्याचा तिला कोण अभिमान!

एका कारागिराने आम्हाला साच्यात घडवलं, घासून गुळगुळीत केलं आणि दोघींच्याही पोटात वाऱ्यासाठी एक बोळ ठेवून त्यावर झडप बसवली. आम्हाला न्यायला आल्या त्या एक नर्सबाई. डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतिणींना तपासायला त्या मोटारसायकलने जात. "थंडीत झडप बंद, उन्हाळ्यात उघडी," कारागीर त्यांना म्हणाला. "नाहीतर इंजिनाची धग पायाशीच कोंडेल."

बाईंचा डावा गुडघा जुना दुखणेकरी होता. आम्ही येण्याआधी गार वारा थेट त्यावर आपटायचा, पाय बाजूला ढकलायचा, आणि टाकी घट्ट धरून धरून मांड्यांचे गोळे व्हायचे. आता वारा आमच्यावर आदळून दोन्ही बाजूंनी निघून जाऊ लागला. चिखल आणि खडीही आम्हीच झेलत होतो. पहिल्याच दिवशी बाई घराच्या पायऱ्या भिंत न धरता चढल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, आज गुडघ्याने तोंडसुद्धा उघडलं नाही!"

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मोजकं बोलणारा माणूस. पण त्या दिवसापासून सुट्टी आली की ते आम्हाला ओल्या फडक्याने पुसू लागले. एवढं कौतुक तर गाडीच्या दिव्याच्याही वाट्याला आलं नसेल.

पुढे कडाक्याची थंडी पडली. "झडप लावली तरी फटीतून जरा गार लागतं हो," बाई एकदा सहज म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चहा पीत असताना यजमान हळूच बाहेर आले आणि आपले लोकरीचे मोजे त्यांनी आमच्या बोळांत कोंबले, एक माझ्या आणि एक बहिणीच्या. वर झडपा लावून टाकल्या. आपलं प्रेम बोलून दाखवण्याची त्यांना भारी लाज वाटायची.

हिवाळा सुखाचा गेला. उन्हाळा आला, बाईंनी झडपा उघडल्या, पण आत खोल मोजे तसेच! वारा येईना, धग जाईना. बाईंच्या नडग्या भाजून निघाल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फायबरला कुठलं आलंय तोंड?

"कारागिराने फसवलं आपल्याला," सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल? यजमानच! मोजे कुठे ठेवले ते बिचारे साफ विसरले होते आणि ते हरवल्याचा राग कपड्यांच्या दोरीवर, कपाटावर, सगळ्यांवर काढून झाला होता. आमची रवानगी माळ्यावर झाली, मोडक्या टेबलफॅनच्या मागे. तिथे फार वाईट वाटलं. मित्रांनो, न केलेल्या चुकीची शिक्षा जड जाते.

पुन्हा थंडी आली, पण निकामी ठरलेल्या आमची कुणालाच आठवण झाली नाही आणि बाईंच्या गुडघ्याने दावा साधला. एकदा त्या अर्ध्या चढावरून परतल्या. वरच्या वस्तीतली बाळंतीण वाट बघत राहिली.

"गाडी विकून टाकू या," रात्री बाई म्हणाल्या. "वर आता दुसरं कुणीतरी जाईल." पण जायला दुसरं कुणीच नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून यजमानांनी आम्हाला माळ्यावरून उतरवलं. सवयीने फडकं घेतलं. झडप पुसताना बोट आत गेलं आणि काहीतरी मऊ लागलं. त्यांनी ओढून काढलं. राखाडी मोजा! बहिणीच्या पोटातून दुसरा निघाला.

मोजे खिशात घातले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ती जोडी बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"अगंबाई, हे तर तुमचे हरवलेले मोजे!"

"तुझ्या ढालींत होते. मीच कोंबले होते. तुला गार लागतं म्हणालीस ना, म्हणून."

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, निदान सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू कोंबू दिले असतेस?"

"गिऱ्हाइकाला फोन करा, येऊ नको म्हणावं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि पाना कुठाय?"

आम्ही पुन्हा लेगगार्डवर बसलो, आणि बाई पुन्हा त्या वस्तीपर्यंत पोचल्या. बाळंतिणीच्या अंगणात त्यांनी गाडी उभी केली, तेव्हा इंजिन तापलं होतं आणि त्यांचा गुडघा ऊबदार होता.

म्हणून सांगते, मित्रांनो, एखाद्या वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिच्यात एकदा हात घालून बघा. आणि कुणासाठी मायेने काही केलंत, तर त्याच्या कानावर घाला. आता उन्हाळा लागला की बाई निघण्याआधी यजमान आमच्या बोळांत बोट फिरवून खात्री करून घेतात. बाई हेल्मेट चढवत चढवत विचारतात, "अहो, मोजे पायातच आहेत ना?"