साहेबाचा वारस

आबांनी मुद्दाम चुकीच्या करडाकडे बोट दाखवलं.

“हे तांबडं राखायचं,” ते म्हणाले. “काळं खच्ची करून टाका.”

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मान डोलावली आणि लोखंडी चिमटा पुसला. सकाळपासून त्याने गोठ्यातली बाकीची नर करडं उरकली होती. खच्ची केलेलं करडू भांडत नाही, मुकाट खातं, अंगाने भरतं आणि त्याच्या मटणाला वास येत नाही. आता उरली होती ही दोन. यातलं एक कळपाचा पुढचा बोकड होणार होतं आणि दुसरं इतरांसारखं खाटकाकडे जाणार होतं.

काळ्याची पाठ फळीसारखी सरळ, छाती रुंद. तांबड्याचे मागचे गुडघे चालताना एकमेकांना घासत. आंधळ्यालाही नुसता हात फिरवून कळलं असतं. आबांच्या मुलाला तर चांगले डोळे होते आणि काळं करडू त्यानेच मांडीत दाबून धरलं होतं.

“काय रे, बरोबर आहे ना?”

“तुम्ही म्हणाल तसं,” मुलगा म्हणाला.

असा आज्ञाधारक मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं? चारा किती घालू, पाणी आता दाखवू की मग, हे विचारायला त्यांना पहाटे कुणी उठवत नव्हतं. आबांचे गुडघे गेले होते, कंबर जायच्या बेतात होती. शेळ्यांचा सगळा कारभार पोराच्या हातात द्यावा आणि बाजेवर आडवं व्हावं, एवढीच इच्छा उरली होती. पण समोरचा हात पुढे करीना. म्हणून आज ही परीक्षा. पोराने एकदा ‘आबा, चुकताय’ म्हणावं, की सुटलो.

चिमट्याचा जबडा उघडला.

“बघा हं,” कंपाउंडर म्हणाला, “एकदा दाबलं की परत जोडून मिळत नाही. नंतर दवाखान्यात येऊन माझ्या नावाने शंख करायचा नाही.”

“दाबा,” आबा म्हणाले. काळं गेलं तर कळपाचं वाटोळं. आपणच अडवलं तर मरेपर्यंत आपणच मालक. मुलाने करडू आणखी घट्ट धरलं. चिमटा खाली आला.

“थांबा हो दादा!”

सून पलीकडे पेंड भिजवत होती. ती तशाच बरबटलेल्या हातांनी उठून आली.

“आबा, तांबड्याचे पाय बघितलेत का? फेंगडं आहे ते.”

आबांना इतकं बरं वाटलं, की चेहरा कडक ठेवायला कष्ट पडले. मुलगा नाही तर नाही, सून तर निघाली.

“बरं. मग काळं राखू म्हणतेस?”

“काळंही नको.”

“आं?”

सुनेने कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बोकडाकडे हनुवटीने दाखवलं. त्याला घरात साहेब म्हणत, कारण त्याचं खाऊन झाल्याशिवाय इतरांना गव्हाणीकडे फिरकता येत नसे.

“साहेब आमच्या लग्नाच्या वर्षी आणलेला. आता या शेळ्या कुणाच्या? त्याच्याच पोरी. यंदा करडं फेंगडी झाली, काही तर उभीच राहिली नाहीत, ती काय चाऱ्यामुळे? आणि आता त्याचाच मुलगा त्याच्या जागी? बाहेरचा बोकड आणायला हवा होता. केव्हाच.”

कंपाउंडर एकदम चिमट्याचा स्क्रू तपासू लागला.

“मला मागच्या वर्षीच वाटलं होतं,” मुलगा करडाच्या कानाकडे बघत पुटपुटला.

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही चिडला असता.”

चिडलेच असते. आबांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. दुसऱ्यांच्या गोठ्यात उभं राहून त्यांनी हेच ऐटीत सांगितलं होतं. पण नवा बोकड म्हणजे चार बाजार हिंडायचे, दात बघायचे, घासाघीस करायची. दर वर्षी ते दमलेले असत आणि म्हणत, पुढच्या वर्षी बघू. परीक्षा घ्यायला निघालेल्या मास्तरांचाच पेपर कोरा निघाला होता.

“मग दोन्ही उरकू का, आबा?” कंपाउंडरने विचारलं.

“तिला विचारा,” आबा म्हणाले, आणि झाडाखालच्या बाजेवर जाऊन आडवे झाले.

मागे आधी एक करडू ओरडलं, मग दुसरं. मग नवा बोकड कसला आणायचा यावर बोलणं निघालं. सुनेला उंच, थोराड जातीचा हवा होता.

“उंच नको,” मुलगा म्हणाला. “आपल्या शेळ्या ठेंगण्या. विताना अडतील.”

“मग काय, दुसरा साहेब आणणार?”

“मी कुठे म्हटलं तसं?”

मुलाचा आवाज चढला. आबांनी तो चढलेला प्रथमच ऐकला. तसा बरा होता. जरा चिरका, पण वापरून वापरून सुधारला असता.

पावलं बाजेपाशी आली.

“आबा, तुम्हीच सांगा बरं.”

आबा घोरू लागले.

मग पावलं परत फिरली.

“उंच आणायचा नाही,” तो लांबूनच म्हणाला, “सांगून ठेवतो.”

“अहो, पण माझं ऐकून तरी घ्या!”

खबरदारी म्हणून आबा आणखी थोडं घोरले. भांडण चांगलं रंगलं होतं, आणि पुढचं ऐकायची त्यांना फार इच्छा होती. पण मधेच कधीतरी ते घोरणं खरं झालं.