बोटांची काजळी

चष्मेवाल्याने कंदिलाची आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा एकदा रुमालाने पुसली आणि थोरल्या बहिणीच्या दाराची कडी वाजवली.

"विझला वाटतं पुन्हा," ताई दार उघडत म्हणाली.

"हो ना. वारा होता."

"बाहेर झाडाचं पान हलत नाहीये. वाऱ्याने तुझ्याकडेच खोली भाड्याने घेतलीय का रे?"

तो ओशाळून हसला आणि आत आला.

आई गेली, घर विकलं गेलं, तेव्हा भांड्याकुंड्यांवरून दोघांनी अवाक्षरही काढलं नव्हतं. आईचा दिवा तेवढा दोघांनाही हवा होता. मग त्या एकाच ज्योतीवरून दोघांनी आपापले दिवे लावून घेतले. रोज तिन्हीसांजेला ती तिच्या घरी, तो आपल्या, दिव्यापुढे गप्प बसत. मंत्र नाही, पोथी नाही. ठरलं होतं ते एकच: विझला तर काडी ओढायची नाही, दुसऱ्याकडून ज्योत आणायची. ताईचा कधी विझला नाही. त्याचा मात्र वरचेवर विझे.

आतल्या खोलीत गादी गुंडाळलेली होती. दोरीने बांधलेली खोकी भिंतीशी लावली होती. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"उद्या तुझा भाचा येतोय न्यायला. आता त्याच्याकडेच राहायचं. गुडघे बघतोयस ना माझे?"

"आणि दिवा?"

"तिथे छताला यंत्र बसवलंय. जरा धूर झाला की बोंबलतं म्हणे, सगळी बिल्डिंग खाली उतरते." ती हसली. तो हसला नाही. "म्हणून हा तू ने."

कंदील घेता घेता तिने त्याचा उजवा हात धरला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याची बोटं उजेडात नेऊन पाहिली.

"दर वेळी चिमटीला काजळी असायची," ती म्हणाली. "मी म्हणायचे, येतोय ना, येऊ दे."

त्याची मान खाली गेली.

"आज नाहीये."

"आज विझवायचा धीर झाला नाही, ताई."

"म्हणजे घरी जळतोय."

"हो."

"वेडा रे वेडा. इतकी वर्षं नुसतंच यायला काय झालं होतं?"

ताईने कंदिलाची वात आपल्या ज्योतीवर धरली. वात पेटल्यावर तिने आपला दिवा चिमटीत मालवला. खोलीभर तेलाचा वास पसरला. मग त्याच हाताने, तो लहान असताना करायची तसा, तिने त्याचा गाल कुरवाळला.

"तिन्हीसांजेला बसत जा. मी तिकडे नुसतेच डोळे मिटेन."

वाटेत खरोखरच वारा सुटला. कंदिलाला अंगाचा आडोसा करत तो घरी आला. त्याचा दिवा तेवत होता. टेबलाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे, त्याने कंदील ठेवला. दोन ज्योतींची एक केली नाही.

दुकान घरातच होतं; समोर गिऱ्हाइकांनी चष्मा लावून पाहायचा आरसा होता. त्यात त्याला आपल्या गालावर काळा ठिपका दिसला, लहान मुलाला तीट लावावी तसा. त्याने रुमाल काढला, गालापाशी नेला. क्षणभर तसाच धरला. मग खाली वाकून तो कंदिलाची काच पुसू लागला.