गाणं थांबलं की

मिस्त्रीनं आयुष्यभर लोकांच्या दारांना कड्या बसवल्या, पण स्वतःच्या घरात एकही ठेवली नाही. पोरीला पहिली फिट आली ती न्हाणीघरात, आतून कडी लावलेली असताना. दार फोडेपर्यंत आतून जे ऐकू आलं, ते त्याच्या कानांतून काही केल्या गेलं नाही. त्याच दिवशी त्यानं सगळ्या कड्या उतरवल्या आणि नियम घातला: अंघोळ करताना गात राहायचं. गाणं थांबलं की बाबा आत येणार.

आता पोर चांगली चौदाची झाली होती. गोळ्या लागू पडल्या होत्या, डॉक्टर खूश होते. मिस्त्रीला मात्र कसलं आलंय सुख! रंधा मारतानाही त्याला तिचं गाणं ऐकू यायचं आणि मधेच तुटायचं. मग हातातलं टाकून तो शाळेत फोन लावायचा.

"फिट तिला येते, पण जीव रोज तुमचा जातो," बायको म्हणायची. "अहो, एकदा तुम्हीही दाखवून घ्या कुणाला तरी."

"मला काय धाड भरलीय?"

रविवारी तो न्हाणीघराबाहेर नेहमीच्या स्टुलावर बसला होता. आत गाणं चालू. दुसऱ्या कडव्याला पोर खोकली. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला तस्साच खोकला. अरे, हा तर मोबाइल गातोय! मग पोर?

त्यानं दारावर खांदा मारला. कडी नव्हतीच, दार भसकन उघडलं आणि गडी फरशीवर आडवा. पोर पालथ्या बादलीवर बसली होती, अंगावर घरचे कपडे, धडधाकट. तिनं झटकन त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारला. तिच्या वेळी तो करायचा, अगदी तसं.

"काय करत होतीस गं?"

"काही नाही. नुसती गप्प बसले होते. मला या घरात कुठे गप्प बसताच येत नाही, बाबा."

मिस्त्री तसाच पडून हमसून हमसून रडला.

संध्याकाळी त्यानं न्हाणीघराला कडी बसवली, अडीअडचणीला बाहेरून पेचकसानं उघडेल अशी. पेच सारखा निसटत होता, शेवटी बायकोनं दार धरलं. "उद्या जाऊ," तो तिला म्हणाला, "कुणाला दाखवायचं ते."

पोर आत गेली. खट् झालं. मग नुसता पाण्याचा आवाज. मिस्त्रीनं पेचकस मुठीत आवळला.

"बाबा," आतून हाक आली, "आता तुम्ही गा. म्हणजे मला कळेल, तुम्ही ठीक आहात ते."

त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आत पाणी बंद झालं.

"बाबा? बाबा!"

ही हाक त्याच्या ओळखीची होती. इतकी वर्षं याच दाराशी तो स्वतः अशीच मारत आला होता. त्यानं पेचकस खाली ठेवला, घसा खाकरला आणि बेसूर का होईना, गायला लागला.