नदीपलीकडचे अकरा एकर

ताराबाईचा घरकुलाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा ती ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून होती. कोतवाल गहिनीनाथ आतून कागद घेऊन आला. तो तिच्या नवऱ्याच्या, सटवाच्या, बरोबरीचा. सटवा जाऊन चार वर्षं झाली तरी तिला वहिनीच म्हणायचा.

"वहिनी, तुमचं घरकुल होत न्हाई. तुमच्या नावावर लई जमीन हाय."

ताराबाईने पदर तोंडाला लावला आणि हसली. "गरिबाची थट्टा कावून करता भाऊजी?"

"मी न्हाई करत. हे बघा. अकरा एकर, नदीच्या पल्याड. वर तुमचं नाव, खाली तुमच्या पोराचं, परमेश्वरचं."

तिला वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिथं होतं.

शिरूर कासारच्या अलीकडं, सिंदफणेच्या काठच्या त्या वाडीत तिचा संसार पत्र्याच्या एका खोलीत झाला होता. तोही अर्धाच. उरलेला अर्धा ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत. एकोणतीस हंगाम तिने सटवाबरोबर कोयता चालवला. परमेश्वरचा जन्म उसाच्या फडावर झाला होता. आता तो आणि त्याची बायको धनश्री त्याच वाटेने गेले होते, कर्नाटकाच्या बाजूला, आणि ताराबाई गुडघ्यांमुळे मागं राहिली होती. सासऱ्याला, बंकटला, तर सारा जन्म सालगडी म्हणूनच लोक ओळखत. या घरात जमीन कधी कुणी विकत घेतली नव्हती, कुणी विकलीही नव्हती.

गहिनीनाथने मग तिला सगळं सांगितलं. पन्नासेक वर्षांमागं सरकारने कायदा आणला होता. एका घरानं ठरावीक एकरांच्या वर जमीन ठेवायची नाही. वरची सरकार घेणार आणि ज्यांना नाही त्यांना वाटणार. गावात त्याला सीलिंग म्हणत. नदीपलीकडच्या मोहनरावांच्या वडिलांकडं त्या हद्दीच्या कितीतरी वर जमीन होती. त्यांनी ती भाच्यांच्या, मेहुण्यांच्या, मेलेल्या चुलत्यांच्या नावावर केली, आणि सगळी नावं संपली तेव्हा सालगड्यांच्या. बंकटच्या नावावर अकरा एकर. कसायची मालकानेच, पीकही मालकाचंच. बंकट गेल्यावर सटवाचं, सटवा गेल्यावर हिचं नाव मालकाच्या माणसांनी परस्पर लावून घेतलं होतं. सटवाच्या तेराव्याला कुणीतरी पेन्शनचे कागद म्हणून अंगठा घेतला होता, तो तिला आता आठवला.

"त्यांना ठाऊक हुतं?" तिने विचारलं. म्हणजे सटवाला.

गहिनीनाथ खाली बघत म्हणाला, "ठाऊक हुतं वहिनी. पण बंकटतात्यांनी मालकाला शबूद दिलता, रान नुसतं नावाला म्हणून. त्याच्यावर सटवा कधी बोलला न्हाई."

त्या दिवशी ताराबाईने भाकरी केली आणि तव्यावरच विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गहिनीनाथला गाठलं. "मला दावा."

तो तिला मोटारसायकलवर घेऊन पुलावरून पलीकडं गेला. मोहनरावांच्या रानाला लोखंडी फाटक होतं. राखणदार कोतवालाला ओळखत होता, त्याने काही विचारलं नाही. आत डाळिंबं, मोसंब्या, शेततळी, मग पुन्हा डाळिंबं. आणि अगदी नदीला टेकून काळ्या जमिनीचा एक पट्टा. त्यात शाळू उभा होता, नुकता पोटरीत आलेला.

"ह्या दगडापासून," गहिनीनाथ म्हणाला, "त्या बाभळीपतूर. खाली नदी."

ताराबाईने चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून चालायला लागली. उसाच्या फडात ती दिवसाला किती चालली असेल त्याला गणती नव्हती, पण ते चालणं मोळी डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंतचं. नुसतंच चालत राहायचं, आणि जिथवर जाऊ तिथवर आपलं, हे तिला नवीन होतं. दोन बाजू झाल्या. तिसरीच्या मध्यावर गुडघे दुखायला लागले आणि ती बांधावरच बसली. आपलं रान चालून आपण दमलो, या गोष्टीचं तिला इतकं सुख झालं की तिने तिथूनच गहिनीनाथला हाक मारून सांगितलं, "भाऊजी, दमले की हो मी!"

बसल्या बसल्या तिने मनात सगळं मांडलं. बाभळीखाली म्हैस. उंचवट्यावर घर, म्हणजे पाणी घुसायचं नाही. नदीकडच्या अंगाला धनश्रीसाठी थोडी हळद आणि लसूण. नातवंडं होतील ती इथंच होतील, इथून शाळेत जातील. दिवाळी झाली की गाडी भरायची नाही. सटवा हे सगळं ठाऊक असून एकोणतीस वर्षं तिच्या शेजारी ऊस तोडत राहिला होता, आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी त्याला इथं आणून बसवावं असं वाटत होतं.

आठ दिवसांनी मोहनरावांची गाडी दारात आली आणि तिला त्यांच्या वाड्यावर घेऊन गेली.

मोहनराव सत्तरीचे, अंगाने बारीक, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. दोन साखर कारखाने, कॉलेजं, पेट्रोल पंप, पुण्याला इमारती. त्यांचं नेमकं किती आहे हे लोक पैजेवर सांगत आणि दर वेळी वेगळं सांगत. त्यांनी ताराबाईला समोर खुर्ची दिली. ती खाली बसायला लागली तर म्हणाले, "वर बसा. तुमचे सासरे मला खांद्यावर घेऊन जत्रंला न्यायचे."

टेबलावर नकाशा पसरला होता. सगळा निळ्या रंगाने भरलेला, नदीकाठी तेवढा एक पांढरा चौकोन.

"सोलरची कंपनी येतीया," ते म्हणाले. "त्यांना सलग जमीन लागती. हे तुमचं मधीच भोक दिसतंय. तुमची अन् परमेश्वरची सही झाली की मिटलं. तुमाला मी दोन खोल्या बांधून देतो, पक्क्या. सरकारचं घरकुल काय, त्याच्यापेक्षा चांगल्या."

ताराबाई नकाशाकडं बघत होती. "मालक, ह्या अकरा एकरावाचून तुमचं काय आडतंय?"

मोहनराव खरं बोलणारे होते. "आडत काही न्हाई," ते म्हणाले. "पण ते आमचं हाय. बंकटतात्यांनी माझ्या वडलांना शबूद दिलता."

"अन् तुमच्या वडलांनी सरकारला काय शबूद दिलता?"

खोलीत बसलेला वकील खुर्चीत सरळ झाला. मोहनरावांनी हाताने त्याला थांबवलं.

ताराबाई बोलतच राहिली. "जमिनीला हद्द घातली हुती म्हणं. वरची आमच्यासारख्यांची हुती. ती आमच्या नावावर आली पण आमाला दिसली न्हाई. आन् जमिनीला हद्द, तर मग कारखान्याला कावून न्हाई? पंपाला कावून न्हाई? माणसाला किती लागतंय मालक?"

"हद्द घातली असती तर मी पहिल्या कारखान्यावर थांबलो असतो," मोहनराव म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनी हा विचार आधीही केला असावा. "दुसरा काढला तवा हजार माणसं कामाला लागली. तुमचीच माणसं. माणसाला म्हणलं, हितून पुढं तुझं काही न्हाई, तर तो सकाळी उठंल कशाला?"

"आमी उठतोच की," ताराबाई म्हणाली. "पहाटं चारला उठतो. आमचं काहीच नसतंय तरी उठतो."

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमची गोष्ट न्यारी हाय," ते म्हणाले.

"न्यारी कावून?"

मोहनरावांनी आतून चहा मागवला. ताराबाईने चहा घेतला, कपबशी टेबलाच्या कडेला ठेवली आणि उठली. दाराशी ती पोचली तेव्हा मोहनराव म्हणाले, "मी काय गुंड न्हाई ताराबाई. रान तुमचं म्हणता, तुमचं. आमचा शाळू निघाला की घ्या. पण वाट माझी हाय. सगळ्या बाजूनी माझी हाय."

शाळू निघाला आणि फाटकाला कुलूप लागलं. राखणदाराने गहिनीनाथलाही ओळख दाखवली नाही. गहिनीनाथने तहसीलला रस्त्यासाठी अर्ज करून दिला. तारीख पडली, मग पुढची पडली. ताराबाई अधूनमधून नदीच्या अलीकडच्या दरडीवर जाऊन उभी राहायची. पाणी आटलेलं होतं. पलीकडं काळा पट्टा रिकामा पडला होता आणि त्याच्या तिन्ही अंगांनी यंत्रं खांब रोवत होती.

फाल्गुनात परमेश्वर आणि धनश्री परत आले. परमेश्वरला फोनवर सगळं कळलं होतं. हातपाय धुवायच्या आधी तो म्हणाला, "आई, दोन खोल्या मिळत हुत्या. ह्या पत्र्यात अजून किती दिस काढायचे? जिथं पाय ठेवता येत न्हाई ते रान घेऊन काय करायचं?"

त्याचं चुकत नव्हतं.

धनश्री चुलीपाशी बसली होती. लग्न होऊन चार वर्षांत तिने घरात स्वतःहून काही मागितलं नव्हतं. "मला एकदा बघायचंय," ती म्हणाली.

तिघं दरडीवर गेली. धनश्री बराच वेळ बघत राहिली. मग तिने खाली बोट दाखवलं. "ही नदी कुणाची हाय?"

परमेश्वर म्हणाला, "नदी कुणाची असती? कुणाचीच न्हाई." तोवर ती दरड उतरून वाळूत पोचली होती. तो तिच्यामागं गेला. ताराबाई वरून बघत होती. दोघं कोरडं पात्र ओलांडून पलीकडच्या दरडीवर चढली आणि काळ्या जमिनीत उभी राहिली. मग परमेश्वर खाली बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही.

सही त्याने नाही केली. खोल्यांचं नावही पुन्हा काढलं नाही.

ट्रॅक्टर तिकडं जाणार नव्हता. त्यांनी भावकीतली बैलजोडी मागून आणली आणि वाळूतून पलीकडं नेली. औत खांद्यावर. उन्हाळाभर नांगरत, ढेकळं फोडत राहिले. मोहनरावांची माणसं तारेच्या कुंपणापलीकडून बघायची; कुणी आडवं आलं नाही. मिरगात तूर पेरली, कारण तुरीला फार निगा लागत नाही आणि ती वाट बघते. बियाणं धनश्रीने डोक्यावर नेलं होतं. बांधाकडची शेवटची ओळ पाभरीने झाली नाही, ती तिने एकेक दाणा हाताने टोकून पेरली.

श्रावणात नदीला पाणी आलं आणि वाट गेली. भाद्रपदात ते वाढलं. तिघं अलीकडून बघायची. तूर हिरवीगार झालेली, पण तण किती, कीड किती, ते इकडून कळत नव्हतं. एकदा परमेश्वर पोहत गेला आणि दोन दिवस पलीकडंच राहून खुरपून आला. नदी उतरायला दसरा उजाडला, आणि दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येणार होती. एका तुरीवर वर्ष निघणार नव्हतं. जायला लागणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी धनश्री एकटी पलीकडं जाऊन आली. "नुसत्या कळ्या हाईत," ती म्हणाली. "आठवडाभर असते तर फुललेली बघितली असती."

सोलरचं काम तोवर पुरं झालं होतं. कंपनीने पांढरा चौकोन सोडून बाकीचा आराखडा केला होता आणि त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. तिन्ही बाजूंनी काळ्या काचा ओळीने आकाशाकडं तोंड करून उभ्या होत्या. मोहनराव पुण्याला राहायला गेले होते. रस्त्याच्या अर्जाची पुढची तारीख माघातली होती.

कार्तिक संपता संपता एका दुपारी ताराबाई घोटाभर पाण्यातून, काठी टेकत पलीकडं गेली. रानात पोचली आणि फोन वाजला. धनश्रीचा. फडात भाकरीची सुट्टी होती.

"आत्याबाई, कुठं हाव?"

"रानात हाय बाई."

"फुलली का?"

"फुलली की. खालपासून शेंड्यापतूर पिवळी. मधमाशा लई आल्यात. खालच्या अंगाला शेंगा पण धरल्यात."

"अन् बांधाकडली वळ? मी टोकलेली?"

ताराबाई बांधाकडं गेली. "ती माझ्या डोक्याच्या वर गेली."

"डोक्याच्या वर?"

"हात वर केला तरी शेंडा घावत न्हाई."

धनश्रीच्या मागून कोयत्यांचे आवाज यायला लागले होते. कुणाची तरी सुट्टी संपली होती. मग ती म्हणाली, "आत्याबाई, फोन जरा तुरीत धरा. वारं सुटलंय का?"

"सुटलंय."

ताराबाईने फोन ओळीच्या आत धरला. पानं एकमेकांवर घासत होती. ती हात लांबवून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने फोन कानाला लावला आणि विचारलं, "ऐकलं का गं?"

"थांबा ना," धनश्री म्हणाली. "अजून थोडं."