सालीतला तुरटपणा

मी टॅनिन बोलतोय. नाव नवं वाटेल, पण चहा फार उकळला की जीभ आखडते ना, तो तुरटपणा माझाच. मूळचा मी झाडाच्या सालीतला. किडे एकदा चावा घ्यायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत.

झाड तोडलं, तेव्हा साल पोत्यांत भरून कातडी कमावायच्या कारखान्यात आली. माझ्या पाण्यात मुरलेलं कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. पण मी पडलो संथ. मालकीणबाईंनी झटपट काम करणारी रसायनं आणली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

बाईंचा धाकटा भाऊ घरांची छपरं घालायचा. एकदा वरून कोसळला आणि गुडघ्याखालचा पाय गमावून बसला. कृत्रिम पाय मिळाला, पण त्याच्या चामडी पट्ट्यांनी मांडीभर फोड आले. पाय बनवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चामड्यातली रसायनं याला सोसत नाहीत."

भावाने तो पाय पलंगाखाली ढकलला. "ताई, हा विषय बंद."

"बंद करणारा तू कोण?" ताई म्हणाली आणि तडक माळ्यावर चढली.

साल कुटून तिने हौदात भिजत घातली. पण घाई नडली. पाणी पहिल्यापासूनच कडक ठेवलं. कातडं वरून टणक झालं, आतून कच्चंच राहिलं. ते फेकून तिने डोळे पुसले आणि नवं कातडं घेतलं. या खेपेला आधी फिकं पाणी, मग हळूहळू दाट.

भाऊ कुबड्या टेकत बघायला यायचा. एक दिवस वैतागून म्हणाला, "नुसतं बघत काय बसू? दे ते मुसळ इकडे!" तेव्हापासून साल तोच कुटायचा. मला शिव्या घालायचा, पण हात थांबवायचा नाही. मग मीही हट्टाला पेटलो. कातड्याचा एकही धागा कोरा सोडायचा नाही!

कित्येक महिन्यांनी पट्टे तयार झाले. भाऊ दिवसभर अंगणात चालला. संध्याकाळी ताईने गुडघे टेकून पट्टे सोडले, मांडी निरखली. एकही फोड नव्हता. ती तिथेच फतकल मारून रडायला लागली.

"आता कशाला रडतेस?" त्याने पट्टे तिच्या हातात दिले. "बांध परत. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो."

आज तो पुन्हा कामावर जातो. घामाने मी काळवंडलोय, कडांना झिजलोय. दादा, भिजलो तर मला सावलीत वाळव, अधूनमधून तेलाचा हात फिरव. एवढं कर, मी तुला सोडायचा नाही.