हिरव्या बटणाची रीत

धाटावच्या त्या केमिकल कंपनीत शिफ्ट बदलताना एक रीत होती. येणाऱ्याने रिअॅक्टरजवळचं हिरवं बटण दाबायचं, की जाणारा मोकळा. बटणाने नुसता भोंगा बंद व्हायचा, पण कामगारांच्या लेखी तो रामरामच होता. अष्टमीच्या हरेशने चार वर्षांत तो कधी चुकवला नव्हता. येत्या एक तारखेला तो नोकरीत कायम होणार होता. त्याच्या बायकोने, नम्रताने, पेणला माहेरी सांगूनही टाकलं होतं.

सत्त्याण्णवच्या मार्चात मुंबईच्या इंजिनिअरने कॉम्प्युटरमध्ये नवी लायब्ररी घातली. लायब्ररी म्हणजे आयत्या प्रोग्रामांचं गाठोडं. बॅचचा टायमर त्यावरच चालायचा. कामगारांना कोण सांगतो? बटण तेच, दिवा तोच.

त्या दुपारी हरेशने गुणाजीकडून शिफ्ट घेतली आणि बटण दाबलं. सहा तासांच्या बॅचचा अर्धा तास उरला होता. नव्या लायब्ररीत मात्र त्या बटणाने टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वेळ पुरी झाल्याचा लाल दिवा लागेपर्यंत रिअॅक्टरची वाफ बंद करायची नाही, असा हुकूम होता. दोन तासांनी करपल्याचा वास आला. हरेश धावत सुपरवायझरकडे गेला. त्यांनी मान वर न करता सुनावलं, की कॉम्प्युटरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. दिवा लागला तेव्हा आत डांबर झालं होतं.

टपरीवर चहा पिताना इंजिनिअरने हरेशपाशी कबूल केलं, की गफलत लायब्ररीची. अहवालात मात्र लिहिलं, कामगाराने टायमर पुन्हा सुरू केला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण हरेशला ते खोटंही म्हणता येईना. बोट त्याचंच होतं.

चौकशीला गुणाजी आपणहून साक्षीला आला. हयात त्याच कंपनीत गेलेला माणूस. टोपी नीट करून साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, पोरगा गुणाचा हाय. आल्या आल्या बटण दाबतो. एक दिवस चुकला नाय."

"त्या दिवशीही दाबलं?"

"व्हय. माझ्या डोळ्यांदेखत."

साहेबांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतले, खाली गुणाजीची सही घेतली आणि तो बाहेर गेल्यावर कायम होणाऱ्यांच्या यादीतलं हरेशचं नाव खोडलं.

गेटबाहेर गुणाजी त्याची वाट बघत थांबला होता. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला होता.

"बराबर बोललो ना रं?"



"व्हय काका," हरेश म्हणाला.